हाताच्या अवजारांनी शेल्फचे सांधे: नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या त्रिमूर्ती नगरच्या गच्चीवर उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ एवढंच काम होतं. नंतर पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) हातात धरवत नाही, इतकी तापते. त्या तीन तासांत शेजारीपाजारी, शाळेतले सहकारी, कधी त्यांची कॉलेजातली पोरं येऊन उभी राहतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. मी शाळेत गणित शिकवते, पिढीजात सुतार नाही. जे येतं ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांच्या शेजारी बसून आणि बरंच लाकूड वाया घालवून शिकले.

बाजारात मशीन आहे, तयार शेल्फ आहे. मग हातानं कशाला?

घाई असेल तर तयारच घ्या, वाद नाही. पण फ्लॅटमध्ये राउटर (खाचा पाडायचं मशीन) लावला की खालचे लोक वर येतात आणि भुसा थेट स्वयंपाकघरात जातो. करवत आणि पटाशी वापरली तर शेजारचं बाळही उठत नाही. शिवाय चार-पाच खाचांसाठी मशीन बसवण्यात जितका वेळ जातो तितक्यात हातानं दोन खाचा होतात.

शेल्फला नेमका कोणता सांधा करायचा?

दहापैकी नऊ वेळा साधी आडवी खाच. उभ्या फळीत आडव्या फळीच्या जाडीएवढी खाच पाडायची आणि फळी तिच्यात बसवायची. इंग्रजी पुस्तकांत याला हाउसिंग किंवा डॅडो म्हणतात, आमचे मिस्त्री नुसतं ‘खाच’ म्हणतात. पुस्तकांचं वजन खाचेच्या खालच्या ओठावर टेकतं, खिळ्यावर किंवा स्क्रूवर लटकत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

वरच्या कोपऱ्यांसाठी डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचा सांधा, शोभतं. सुटं करता येणारं शेल्फ हवं असेल तर कुसू (फळीच्या टोकाला ठेवलेला जिभेसारखा भाग) आरपार काढून त्याला पाचर मारायची. महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत असं लाकूडकाम दिसलं तर थांबून बघा. आणि फळ्या एकमेकींना छेदून चौकोनी घरं करायची असतील तर दोन्हींत अर्धी-अर्धी रुंदी कापून एकमेकींत अडकवायच्या. पण आधी खाच शिका. बाकी सगळे सांधे तिचेच नातेवाईक आहेत.

सुरुवातीला कोणती अवजारं घेऊ?

लोक इथे सगळ्यात जास्त पैसे घालवतात, आणि चुकीच्या जागी. बारीक दातांची, पाठीवर पट्टी असलेली करवत (दुकानात टेनन सॉ म्हणून मागा), १२ आणि १८ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक रंधा, एक खतकश (कडेला समांतर रेघ ओढायचं अवजार), एक गुण्या (काटकोन बघायचा), लाकडी मोगरी, दोन सी-क्लॅम्प आणि एक धारदार चाकू. बस्स. चाकू विकत घ्यायचीही गरज नाही. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून मिस्त्रीकाकांनी मला दिला, तो आजही चालतो.

गुण्या मात्र तपासून घ्या. दुकानातच एका सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर घ्या. फाकल्या तर परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.

लाकूड कोणतं आणि लकडगंजात, आपल्या लाकूडबाजारात, जाऊन मागायचं काय?

सागवानाच्या बाबतीत आपण नागपूरकर नशिबवान. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल हाकेच्या अंतरावर. १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं. म्हणून तुमच्या शेल्फलाही तेच पाहिजे असं नाही, पण हातानं कापायला ते खरंच गुणी लाकूड आहे. ओलाव्यानं कमी हलतं आणि पटाशीखाली समजुतीनं सुटतं. एकच खोड, त्यात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते.

लकडगंजात गेलात की मिलिमीटर विसरा. तिथे इंच आणि सूत चालतं. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. भाव घनफुटाला. हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी इंचांत, जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचा. चार फूट उंच, दहा इंच रुंद, एक इंच जाड अशा दोन उभ्या फळ्या आणि अडीच फुटी तीन आडव्या धरल्या तर साधारण १.०८ घनफूट होतं. कटाई आणि रंध्याची घट धरून सव्वा घनफूट मागा. इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधली की सहा-सात सूत उरते. विकणारा सांगतो इंच, घरी येते पाऊण इंच, म्हणून कुणी फसवलं असं समजू नका. आणि पक्कं बिल घ्या.

फळी उचलून डोळ्यासमोर धरा आणि तिच्या लांबीवरून नजर टाका, बंदुकीवरून नेम धरल्यासारखी. पीळ असेल तर लगेच कळतो. कडेला पांढरट पट्टा असेल तर तो टाळा, वाळवी तिथूनच सुरू करते. टोकाला बारीक चिरा असतील तर तेवढा भाग सोडून माप घ्यायला सांगा.

पाडलेल्या घरांतलं जुनं सागवान मिळालं तर सोनं, फक्त त्यात खिळे असतात. मी एका जुन्या चौकटीतून शेल्फ करायला निघाले आणि डोकं नसलेला, आत गंजून बसलेला खिळा करवतीखाली आला. सात दात गेले. तेव्हापासून आधी चुंबक फिरवते.

शिकण्यासाठी मात्र सागवान नासवू नका. पॅकिंगच्या पेटीचं पाइनवूड घ्या आणि त्यात दहा खाचा पाडा.

खाच कापायची कशी? अगदी पहिल्यापासून सांगा.

सगळ्यात आधी मेजरिंग टेप खिशात घाला. मी हे मस्करीत सांगत नाही. माझ्या पहिल्या तिन्ही खाचा सैल झाल्या, कारण मी फळीची जाडी टेपनं मोजून ‘१९’ असा आकडा लिहिला आणि खाच १९ ची आखली. मिस्त्रीकाका कठड्यावर बसून चहा पीत होते. म्हणाले, “ताई, टेप काऊन लावून राहिल्या? फळीले फळीच लावा ना.” गणिताच्या बाईला हे ऐकवणं म्हणजे काय ते समजून घ्या, पण म्हातारा बरोबर होता. फळी एका टोकाला १९ असते, दुसऱ्या टोकाला साडेअठरा. आकड्याला ते माहीत नसतं, फळीला असतं.

तर दोन्ही उभ्या फळ्या शेजारी-शेजारी ठेवा, खालची टोकं एका रेषेत, आणि खाचांच्या जागा दोन्हींवर एकाच वेळी आखा. वेगवेगळ्या आखल्या तर शेल्फ तिरकं बसणार हे ठरलेलं. मग गुण्या लावून चाकूनं खाचेची एक रेघ मारा. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, चाकूच्या रेघेला जाडीच नसते. शिवाय ती लाकडाचे धागे आधीच कापून ठेवते, त्यामुळे नंतर कड उचकटत नाही.

आता जी आडवी फळी याच खाचेत बसणार आहे तीच आणा. तिची एक कड त्या रेघेला भिडवून उभी करा आणि दुसऱ्या कडेला चाकूची बारीक खूण करा. झाली रुंदी. आकडा कुठेच आला नाही. फळीवर आणि खाचेवर सारखा नंबर लिहा, कारण दुसरी फळी तिथे बसणार नाही.

खोली जाडीच्या एक तृतीयांश. सहा-सात सुती फळीला दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर. खतकश तेवढ्यावर लावून दोन्ही कडांवर रेघ ओढा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रडतात. पटाशी घेऊन चाकूच्या रेघेच्या आतल्या बाजूनं, म्हणजे जिथलं लाकूड जाणार आहे तिथून, रेघेकडे तिरकी बारीक ढलपी काढा. रेघेला लागून एक छोटी नाली तयार होते, एका बाजूला उभी भिंत आणि एका बाजूला उतार. करवत त्या भिंतीला टेकून चालते, हात थरथरला तरी बाहेर जात नाही. भरवसा नसेल तर रेघेवर एक सरळ पट्टी क्लॅम्प करून करवत तिला घासत चालवा. करवतीच्या पात्यावर सहा मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावली की किती खोल गेलो ते दिसतं.

दोन्ही बाजू कापल्या की मधला भाग पटाशीनं काढायचा. एका कडेकडून अर्ध्यापर्यंत, मग फळी फिरवून दुसऱ्या कडेकडून. एका बाजूनं आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते. मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा राहतो, तो शेवटी आडव्या हातानं तासून काढा. पटाशीच्या वाटेत दुसरा हात कधीही नको, दोन्ही हात धारेच्या मागे. माझ्या डाव्या तर्जनीवर याचा पुरावा आहे.

तळ सपाट करायला राउटर प्लेन नावाचं अवजार मिळतं, पण नसलं तरी अडत नाही. लाकडाच्या ठोकळ्यात तिरकं भोक पाडून पटाशी घट्ट अडकवा, टोक ठोकळ्याखाली बरोबर सहा मिलिमीटर बाहेर. ठोकळा फळीवर सरकवला की पटाशी तळाचे उंचवटे खरवडून काढते. मी मोडक्या पाटाच्या तुकड्यातून केलाय.

फळी खाचेत जातच नाही. खाच मोठी करू?

नाही. खाचेला हात लावू नका, फळी रंधा. फळीच्या टोकाजवळ खालच्या बाजूनं रंध्याचा एकच हात मारा, पुन्हा बसवून बघा. रंधा एका वेळी केसाएवढंच काढतो. हे नीट जमावं म्हणून मी खाच मुद्दामच जराशी कमी ठेवते. हातानं अर्धी जावी आणि उरलेली मोगरीच्या दोन-तीन टोल्यांनी, मध्ये लाकडाचा तुकडा धरून. हा बसतानाचा आवाजही वेगळा असतो, टणटण नाही, दबका.

आणि सैल झाली तर?

फळीच्या टोकाला त्याच लाकडाचं पातळ सालपट चिकटवा, वाळलं की रंधून बसवा. भुसा आणि फेविकॉल कालवून फट बुजवणं दिसायला ठीक, पण त्याला जोर नसतो. सगळेच करतात, मीही केलंय. वजनाच्या शेल्फला करू नका.

समोरून खाचेचं तोंड दिसतं. लपवता येतं का?

येतं. खाच पुढच्या कडेच्या दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवायची आणि फळीच्या पुढच्या कोपऱ्यात तेवढा तुकडा कापायचा. करवतीला मोकळं चालायला जागा हवी म्हणून थांबण्याच्या टोकाला आधी पटाशीनं एक इंचभर लांब, खाचेएवढंच खोल घर पाडून घ्या. वेळ दीडपट लागतो. भिंतीच्या कोनाड्यातल्या शेल्फला कोण बघतंय, तिथे आरपारच करा.

डव्हटेल केव्हा करावं?

उभ्या फळ्या बाहेरच्या बाजूला फाकण्याची भीती असेल तेव्हा. उंच शेल्फ, जड पुस्तकं, मागे पाठ नाही, अशा वेळी वरच्या फळीला डव्हटेल लावलं की ते दोन्ही बाजूंना धरून ठेवतं. उतार मऊ लाकडाला सहास एक, सागवानासारख्या घट्ट लाकडाला आठास एक. इथेही तेच सूत्र: आधी शेपट्या कापा, मग त्या दुसऱ्या फळीवर ठेवून चाकूनं त्यांचा आकार तिच्यावर उतरवून घ्या. मोजू नका.

धार किती वेळा लावायची?

विचारावं लागतंय म्हणजे उशीर झालाय. सागवानात मी दर दोन खाचांनंतर लावते. २५ अंशांचा उतार घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार. दगड नसेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवा, ४००, ८०० आणि शेवटी २०००. पटाशीची मागची सपाट बाजू सुरुवातीलाच एकदा आरशासारखी करून घ्या, नाहीतर धार कधीच येणार नाही. कसोटी: पाइनवूडच्या फळीचं टोक आडवं तासा. चुरा पडला तर बोथट, सलग चकचकीत पापुद्रा निघाला तर धारदार.

आपल्याकडे उन्हाळा इतका कोरडा, पावसाळा इतका दमट. शेल्फ फुटत नाही का?

फुटतं. माझं फुटलंय.

मे महिन्यात केलेलं शेल्फ. लाकूड हाडासारखं वाळलेलं. मागच्या बाजूला सहा-सहा इंची पाच उभ्या फळ्या कडेला कड अगदी गच्च भिडवून खिळ्यांनी ठोकल्या, आणि फट कुठेच नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. जूनमध्ये खोलीत कूलर चालूच होता, मग पाऊस आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर पाठ भाकरीसारखी फुगलेली, दोन खिळे उपटलेले आणि एक खाच उघडी पडलेली.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी उन्हाळ्याच्या कोरडेपणापासून पावसाळ्याच्या ओलाव्यापर्यंत दहा इंची फळी अडीच-तीन मिलिमीटर सहज फुगते. माझ्या पाच फळ्यांनी मिळून जवळजवळ सेंटिमीटर मागितला, आणि मी एकही मिलिमीटर दिला नव्हता. आता पाठीच्या फळ्यांच्या कडांची अर्धी-अर्धी जाडी काढून त्या एकमेकींवर चढवते, उन्हाळ्यात करत असेन तर मध्ये अडीच मिलिमीटर फट ठेवते, आणि प्रत्येकीला रुंदीच्या मधोमधच खिळा मारते. फुगली तर दोन्ही बाजूंना फुगू दे.

गंमत म्हणजे आडव्या फळ्यांच्या खाचांना हा त्रास नाही. उभी आणि आडवी दोन्ही फळ्या एकाच दिशेनं, एकत्रच रुंद होतात. म्हणून तर ही खाच वर्षानुवर्षं टिकते.

लाकूड आणलं की ज्या खोलीत शेल्फ राहणार तिथेच दोन-तीन आठवडे ठेवा, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे सगळीकडून वारा लागेल. आणि कूलरच्या तोंडासमोर शेल्फ ठेवू नका, वाळ्याचा वास कितीही छान येत असला तरी.

नुसतं फेविकॉल पुरतं का?

फळीचं टोक म्हणजे नळ्यांची मोळी. गोंद आत शोषला जातो आणि पकड कमी राहते. खाचेत बहुतेक जागा अशीच टोकाची असते, म्हणून मी बाहेरून दोन बांबूच्या खुंट्या मारते. बांबू वाळलेला हवा आणि भोकापेक्षा केसभर जाड. सागवान तेलकट असतं, गोंद लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या. एप्रिल-मेत गोंद हातातच वाळतो, तेव्हा आधी सगळं कोरडं जुळवून बघा, क्लॅम्प उघडून तयार ठेवा आणि पहाटे चिकटवा.

फळी किती लांब चालेल?

पुस्तकांसाठी पाऊण इंची सागवानाला अडीच फूट. त्यापुढे जाऊ नका. लांबी दुप्पट केली आणि पुस्तकंही त्याच हिशेबानं भरली तर फळी सोळा पट वाकते. जाडी दुप्पट केली तर आठ पट कमी वाकते. पुस्तकांची एक मीटर रांग पंचवीस-तीस किलोपर्यंत जाते. तीन फूट हवीच असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंची उभी पट्टी जोडा, फरक लगेच दिसतो.

प्लायवूडमध्ये खाच पाडता येते?

येते, मजा येत नाही. वरचा पापुद्रा उचकटतो, म्हणून चाकूची रेघ दोनदा खोल मारा. १९ चं म्हणून घेतलेलं प्लायवूड अनेकदा थोडं कमीच भरतं. पुन्हा तेच, प्लायलाच खाचेवर उभं करून आखा.

पॉलिश काय करावं?

मी जवसाचं तेल लावते. विदर्भात जवस काय कमी आहे? पातळ हात, वीस मिनिटांनी पुसून कोरडं, असे तीन-चार हात. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, दुकानातून उकळलेलं मागा. एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. दोरीवर मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

बाईमाणसाला झेपतं का हे?

हा प्रश्न मला पटाशी हातात असतानाच का विचारतात, कळत नाही. जोर धारेचा असतो, दंडाचा नाही.

पहिलं शेल्फ व्हायला किती दिवस लागतील?

माझ्या पहिल्या खाचेला दोन तास लागले होते, आता वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तीन फळ्यांच्या शेल्फला सहा खाचा. रविवार-रविवार करत गेलात तर एक रविवार लाकूड सरळ करण्यात, दोन खाचांत, एक जुळवण्यात. धार लावणं सगळ्यांत मिसळलेलं. आखून ठेवलेली फळी मात्र आठवडाभर तशीच पडू देऊ नका, विशेषतः पावसाळ्यात. ती तेवढ्यात जाडी बदलते, आणि पुढच्या रविवारी कापायच्या आधी चाकूची खूण पुन्हा तपासावी लागते.